पाठिंबा : कोणाचा आणि कोणाच्या नावाने?

महानगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्या बडोद्यातील वाड्यांना आणि पोळांना निराळेच चैतन्य येते. एरवी ज्यांचे दर्शन दुर्मिळ, अशी मंडळी आरतीच्या वेळेस हात जोडून उभी राहतात, प्रसाद मागून घेतात आणि जाताना कार्यकारी मंडळातील कोणास तरी बाजूस घेऊन विचारतात, "यंदा आपल्या संस्थेचा पाठिंबा आम्हांस आहे ना?" प्रश्न साधा आणि विचारण्याची रीतही विनयाची, परंतु त्यात जो नैतिक पेच दडलेला आहे तो शांतपणे उलगडून पाहण्याचे आपण बहुधा टाळतो. तोच आज सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

काही वर्षांपूर्वी असा प्रसंग आमच्यावर आला होता. सभामंडपापुढील उघड्या अंगणावर पत्र्याचे छप्पर घालून देण्याची तयारी एका इच्छुक गृहस्थांनी दाखविली. त्याबदली त्यांस हवे होते संस्थेच्या शिक्क्यानिशी पाठिंब्याचे एक पत्र. त्या रात्रीची सभा बराच वेळ चालली. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "छप्पर देवाच्याच दारी होणार, मग दोन ओळी लिहून दिल्या तर बिघडले कोठे?" त्यावर एक भगिनी उठून म्हणाल्या, "माझे मत मी देईन. ते माझ्या नावाने संस्थेने का द्यावे?" अखेर पत्र न देण्याचा ठराव अवघ्या दोन मतांच्या फरकाने झाला. छप्पर आले नाही. पुढील दोन पावसाळे दर्शनार्थींनी छत्र्या धरून काढले, आणि दोन जुनी कुटुंबे रुसून मंदिरात येईनाशी झाली. निर्णयाची किंमत अशी रोख मोजावी लागल्यामुळे, तो योग्य होता की नव्हता, हा प्रश्न आम्ही पुष्कळ वेळा मनाशी घोळविला आहे.

वस्तुतः संस्थेने पाठिंबा जाहीर करणे हे मुळातच वाईट असे नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्कसारख्या शहरांत पेठापेठांतून राजकीय मंडळे असतात. उमेदवार त्यांच्या सभेपुढे येतात, प्रश्नांस उत्तरे देतात, सभासद मतदान करतात आणि मग मंडळाचा कौल प्रसिद्ध होतो. त्यात कोणाचीच फसवणूक नाही. कारण तेथे जो सभासद होतो तो त्याच हेतूने होतो. परंतु त्याच देशात १९५४ साली असा नियम झाला की, करमाफी मिळविणाऱ्या धार्मिक आणि धर्मादाय संस्थांनी कोणा उमेदवाराच्या बाजूने अगर विरुद्ध प्रचारात भाग घेऊ नये. त्या नियमाविषयी तेथे अद्यापि वाद चालतात. तथापि राजकीय मंडळ आणि देवालय यांतील भेद त्याने ओळखला, एवढे खरे. आपल्याकडे तर १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थेची जागा आणि निधी राजकीय प्रचारासाठी वापरण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि त्यास तुरुंगवासाची शिक्षाही सांगितली आहे.

परंतु कायद्याच्या भीतीने जे टाळले जाते त्यास नीती म्हणता येत नाही. कायदा नसता तर आपण काय केले असते, हीच खरी कसोटी होय. आमच्या मते उत्तर एकच आहे : संस्थेचे नाव हे कार्यकारी मंडळाच्या मालकीचे नाही. ते आपल्या हाती ठेव म्हणून आहे. त्या नावामागे कोण कोण उभे आहेत पाहा. पहाटे काकड आरतीस येणारी आजी आहे, परीक्षेच्या दिवशी धावत येऊन नमस्कार करणारा मुलगा आहे, एका पक्षाचा कार्यकर्ता आहे आणि त्याच्याच शेजारी डोळे मिटून बसलेला दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ताही आहे. २०२१ च्या निवडणुकीत आपल्या शहरात १९ प्रभाग आणि ७६ जागा होत्या; म्हणजे प्रत्येक मतदारास चार मते. एका घरातील पतिपत्नींचीही ती चार मते सारखी पडली असतील असे कोण सांगू शकेल? ज्याची त्याची निवड गुप्त राहावी म्हणून राज्य एवढा बंदोबस्त करते, आणि आपण एका पत्राने त्या सर्वांची मते परस्पर वाटून मोकळे होणार, हे विश्वस्तास शोभत नाही.

येथे कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक, परंतु उमेदवार आपला माणूस असेल तर?" या प्रश्नामागील वेदना आम्ही जाणतो. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य निर्माण झाले, आणि एके काळी राजदरबारात मान असलेली आपली भाषा या शहरात घरापुरती आणि उत्सवापुरती उरते की काय, अशी चिंता अनेक कुटुंबांस वाटू लागली. आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत ऐकून घेणारा कोणी असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि 'आपला' या शब्दाची सीमा कोठे आखावयाची, याचा एक कठोर धडा याच नगरीने दिलेला आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंड येथील अध्ययन करून, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार, बडोद्यास नोकरीसाठी आले. भाषेने ते मराठी, विद्येने ते असामान्य. तरीही एका विश्रामगृहातून त्यांस जातीच्या कारणावरून हुसकावून लावण्यात आले. गावात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती; दोघांच्याही घरी त्यांस आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीस अवकाश होता, तो वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. त्या बागेत आपण आज मुलाबाळांस घेऊन जातो. 'आपला माणूस' ही कल्पना त्या संध्याकाळी कोठे गेली होती? ज्या शेजारधर्मास जातीचे कुंपण आहे तो शेजारधर्म नव्हे. तेव्हा भाषेच्या किंवा जातीच्या नावाने मते एकगठ्ठा बांधून देणे हा आत्मसन्मान नसून आत्मसंकोच आहे, असे आम्हांस वाटते.

एवढे लिहून थांबलो असतो तर लेख सुखाचा झाला असता. परंतु आमच्या वाट्याची चूकही सांगणे प्राप्त आहे. छप्पर नाकारल्यावर आमच्या मनात एक प्रकारचा अहंकार उत्पन्न झाला. आपण निःस्पृह ठरलो, आता आपले कर्तव्य संपले, असे आम्ही मानून चाललो. गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटार अर्धे बुजलेले होते. येता-जाता सर्वांस दिसत होते. प्रभाग कार्यालयात जाऊन लेखी तक्रार नोंदविण्याइतकी सवड मात्र आमच्यापैकी एकासही झाली नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीस महापूर आला. २५ फूट ही धोक्याची पातळी ओलांडून पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि शहराचे मोठमोठे भाग जलमय झाले. एवढा पूर आमच्या एका तक्रारीने टळला नसता, हे उघड आहे. परंतु नदी ओसरल्यावरही आमच्या गल्लीतील पाणी हटेना, ते त्या बुजलेल्या गटारामुळे. त्या पाण्यातून दूध आणि औषधे घरोघर पोहोचविली ती कोणत्या पक्षाची आहेत हे कोणीही न विचारलेल्या मुलांनी. त्यांत काही मुले आपल्या मंदिरात कधी न येणारी होती.

त्या दिवशी आम्हांस उमगले की, पाठिंबा न देणे हे अर्धेच पुण्य आहे. देवालयाने मौन पाळावे, याचा अर्थ भक्तांनीही मुके व्हावे असा नाही. उलट संस्था बोलत नाही म्हणूनच व्यक्तीने अधिक बोलले पाहिजे. गीतेने ज्यास लोकसंग्रह म्हटले आणि ज्याचे मर्म लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात विस्ताराने सांगितले, तो एका दिवसाचा सोहळा नव्हे. स्थानिक निवडणुकीत मतदान सक्तीचे करण्याचा कायदा आपल्या गुजरात राज्याने केला होता. त्यास २०१४ साली संमती मिळाली आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मत देण्याची सक्ती न्याय्य की अन्याय्य, याविषयी मतभेद असोत. परंतु मत दिल्यानंतरच्या पाच वर्षांत आपल्या गल्लीकडे लक्ष ठेवण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. ती ज्याने त्याने स्वतःवर करून घ्यावयाची असते.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. मंदिराबाहेर, कोणाच्या तरी ओट्यावर, महिन्यातून एकदा शेजाऱ्यांनी जमावे, आणि त्यात सर्व जातींच्या, सर्व भाषांच्या शेजाऱ्यांस बोलवावे. पाणी, गटार, दिवे, कचरा यांच्या तक्रारी तारखेनिशी एका वहीत लिहाव्यात आणि दोघातिघांनी मिळून प्रभाग कार्यालयात, गरज पडल्यास खंडेराव मार्केटमधील मुख्य कचेरीत न्याव्यात. निवडणूक आली की तीच वही प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी, प्रश्न सर्वांस सारखेच विचारावेत आणि मत मात्र आपल्या विवेकाने एकट्याने द्यावे. बाकड्यावर कोणाचे नाव रंगविले आहे हे पाहण्यापेक्षा ते बाकडे कोणाच्या कराच्या पैशातून आले हे मुलांस सांगावे.

आमच्या अंगणावरील छप्पर पुढे सभासदांच्या वर्गणीतून झाले. ते साधेच आहे आणि त्यावर कोणाचेही नाव नाही. रुसून गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक गेल्या रामनवमीस परत आले. दुसऱ्याची आम्ही वाट पाहत आहो. गटार मात्र अजूनही दरवर्षी उपसावे लागते, आणि त्यासाठी वैशाखातच अर्ज करावा लागतो. यंदाचा अर्ज घेऊन कोण जाणार, एवढेच आता ठरवावयाचे आहे.