पुढची पात

दिवाळी झाली तशी बीडकडची दहा कोयत्यांची एक टोळी सांगलीकडच्या उसाच्या फडात उतरली. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ट्रकची टोळी, त्यामुळे टनाचे पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे. त्यांत एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. लग्नासाठी घेतलेली उचल फेडायची, एवढंच दोघांच्या डोक्यात. बाकीचे कोयते दिवसाकाठी दोनेक टनांवर थांबत, हे दोघं तिनाला भिडत.

सुरुवातीला टोळीला हुरूप आला. तंबाखू मळत बसणारे लवकर उठू लागले, चुली पहाटे चारऐवजी तीनला पेटल्या. ट्रक दिवस मावळायच्या आत भरू लागला. मुकादमाला टनामागं कमिशन, तेव्हा त्याचं कौतुक काही फुकटचं नव्हतं. "पोरगं तीन टन तोडतंय, तुमच्या हाताला काय झालं?" हे रोजचंच झालं.

पण त्याच्या बोलण्यापेक्षा दुसरंच काही जास्त टोचत होतं. वाटणी सारखी, म्हणजे आपण पोराच्या घामाचं खातोय, असं एकेकाला वाटू लागलं. अंग दुखतंय म्हणायची सोय राहिली नाही. खाडा केला तर दंड, वर लाज. बायकांच्या पदराच्या गाठीत दुखण्याच्या गोळ्या आल्या. पोराची बायकोही त्याच गोळ्या घेत होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. महिन्याभरात कोप्यांवर भांडणं सुरू झाली आणि ट्रक पुन्हा रात्रीवर गेला.

एकदा टोळीतली एक मावशी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरली. पोरगं मोळी उचलायला धावलं.

"मोळी राहू दे," कंबर धरून ती म्हणाली. "एवढा उरक हाय तर उद्या माझ्या पातीला पल्याडच्या टोकानं लाग. तू पुढं पळतोस अन् पाठ आमची मोडती."

दुसऱ्या दिवशी आपली पात, म्हणजे वाट्याला आलेल्या उसाच्या ओळी, संपवून पोरगं बांधाकडनं उलटं मावशीच्या पातीत शिरलं. मध्यावर गाठ पडली तशी दोघं पाणी प्यायला बसली. मग ज्याची पात आधी संपेल तो मागच्याच्या पातीत, अशी रीतच पडली. ट्रक पुन्हा उजेडी भरू लागला. तीनला चूल मात्र कुणी पेटवली नाही.

"पोरानं आज किती तोडलं?" मुकादमानं वही उघडून विचारलं.

"ट्रक भरलाय," मावशी म्हणाली. "दहानं भागा."