सभासदांचा वाटा

३१ ऑगस्ट २०१४ रोजी हॉलिवूडमधल्या अनेक अभिनेत्रींचे खासगी फोटो एकाएकी इंटरनेटवर पसरले. जेनिफर लॉरेन्सचे नाव त्यात सर्वांत जास्त गाजले. रेडिट या संकेतस्थळावर त्या फोटोंसाठी वेगळे दालनच उघडले गेले आणि तिथे लोकांची झुंबड उडाली. आठवड्याभराने रेडिटचे तेव्हाचे प्रमुख यिशान वाँग यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकाचा आशय असा होता, की ज्याच्या त्याच्या आत्म्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्यावर. ते दालन त्याच सुमारास बंद झाले. पण एका तंत्रज्ञान कंपनीच्या प्रमुखाला आत्म्याची भाषा वापरावीशी वाटली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण प्रश्न खरोखरच त्या जातीचा आहे. फोटो कोणी चोरले ते न्यायालय सांगेल. पण चोरलेले फोटो ज्याने नुसते पाहिले, त्याने काही केले का? पाहणे हे कर्म आहे का? आणि असेल, तर त्याचा किती वाटा पाहणाऱ्याच्या पदरी पडतो?

चोरीचा तपास बराचसा पुढे गेला. अॅपलने सांगितले की त्यांची यंत्रणा फुटलेली नव्हती. ठरावीक व्यक्तींची नावे, पासवर्ड आणि सुरक्षाप्रश्न यांवर नेम धरून हल्ला झाला होता. पेन्सिल्व्हेनियातला रायन कॉलिन्स अॅपल आणि गूगलच्या नावाने बनावट ईमेल पाठवून लोकांकडूनच पासवर्ड काढून घेत असे. किमान ५० आयक्लाउड आणि ७२ जीमेल खाती त्याने उघडली. त्याला २०१६ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे आणखी काही जणांना आठ महिन्यांपासून ३४ महिन्यांपर्यंत तुरुंगवास झाला. मात्र या सगळ्यांवरचा आरोप दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याचा होता. कॉलिन्सनेच ते फोटो जगासमोर टाकले, याचा पुरावा तपासात मिळाला नाही. म्हणजे कुलूप उघडणारे सापडले, पण दार उघडून गर्दीला आत बोलावणाऱ्याचा हिशेब लागला नाही, आणि गर्दी तर खटल्यात नव्हतीच. ती नसणेही ठीकच आहे. कोट्यवधी लोकांना त्यांनी काय पाहिले म्हणून तुरुंगात टाकणारे राज्य कोणालाच नको. पण कायद्याचा हात जिथे पोचत नाही तिथे दोषही संपतो, असे मानायला काही आधार नाही.

महाभारताच्या सभापर्वात हाच हिशेब मांडलेला आहे. द्रौपदीला सभेत ओढून आणले, तिने आपला प्रश्न विचारला, आणि जाणते लोक गप्प बसून राहिले. तेव्हा विदुर विरोचन आणि सुधन्वा यांच्या वादाची जुनी कथा सांगतो. त्या वादाचा निवाडा विरोचनाच्या बापावर, प्रल्हादावर येऊन पडतो. प्रल्हाद कश्यपाला विचारतो, की विचारलेल्या प्रश्नाला जो उत्तर देत नाही त्याची गती काय? कश्यपाच्या उत्तरात पापाची चक्क वाटणी आहे. निंद्य कृत्याची जिथे कोणी निंदा करत नाही, तिथे अर्धे पाप सभेतल्या श्रेष्ठाकडे जाते, पाव भाग प्रत्यक्ष करणाऱ्याकडे, आणि उरलेला पाव भाग नुसत्या बसून राहिलेल्या सभासदांकडे. या आकड्यांकडे थांबून पाहावे. ज्याने हात घातला तो आणि ज्यांनी पाहिले ते, दोघांचा वाटा सारखा. सर्वांत मोठा वाटा सभा ज्याची आहे त्याचा. प्रत्येकाचा आत्मा ज्याच्या त्याच्या हवाली करून सभेचा धनी मोकळा होऊ शकतो, हा युक्तिवाद विदुराने मान्य केला नसता. आणि कुरुसभेतले लोक निदान द्यूतासाठी जमले होते. पुढे काय घडणार हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. २०१४ साली लोक त्या स्त्रियांची नावे टाइप करून, शोधत आले. जैन विचार आणि योगसूत्रे कर्माचे तीन प्रकार मानतात: स्वतः केलेले, दुसऱ्याकरवी करवलेले आणि अनुमोदन दिलेले. शोधून पाहणाऱ्याचे कर्म तिसऱ्या प्रकारात नक्की बसते, आणि त्याच्यासाठीच चोरी झाली असेल तर दुसऱ्यातही.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप संख्येचा आहे. फोटो पसरून गेले, लाखोंनी पाहिले. मी पाहिल्याने किंवा न पाहिल्याने काय फरक पडतो? पाव वाट्याचे कोट्यवधी तुकडे केले तर माझ्या वाट्याला शून्यच येते. २०२४ च्या जानेवारीत टेलर स्विफ्टचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले अश्लील फोटो पसरले, तेव्हा त्यातली एकच पोस्ट काढून टाकण्याआधी साडेचार कोटींच्या आसपास वेळा पाहिली गेली होती. एवढ्या मोठ्या छेदाने भागल्यावर उरणार काय? डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये या प्रकारच्या गणिताला उत्तर दिले आहे. तो आपल्याला एक हजार छळ करणारे कल्पायला सांगतो. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या बंदिवानाच्या यंत्राची कळ हजार वेळा फिरवत असे. आता प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि हजारही बंदिवानांच्या यंत्रांची कळ फक्त एकेक घर पुढे सरकते. एकाही बंदिवानाला एका माणसाच्या कृतीने जाणवण्याजोगा फरक पडत नाही, तरी दिवसअखेर सगळ्यांच्या वेदना पहिल्याइतक्याच असतात. आपण काहीच केले नाही असे त्या हजारांपैकी कोणी म्हणू लागला, तर आपण ते मान्य करणार नाही. आपण एकत्र काय करतो आहोत हे ज्याला कळते, त्याला आपला वाटा छेदात विरघळवता येत नाही.

पण फोटो पाहण्याच्या बाबतीत मला पारफिटच्याही पुढे जावेसे वाटते. त्याच्या उदाहरणात दुखापत एक आहे आणि ती थेंबाथेंबाने साठते. इथे दुखापतीचे स्वरूपच वेगळे आहे: आपण जिला निवडले नाही अशा नजरेने पाहिले जाणे. असे असेल तर प्रत्येक नवी नजर ही जुन्या दुखापतीत पडलेली किरकोळ भर ठरत नाही, ती तीच दुखापत पुन्हा पहिल्यापासून करते. ज्यू धर्मशास्त्रात या जाणिवेला कायद्याचे रूप मिळालेले आहे. मिश्नाच्या बाबा बत्रा या प्रकरणात सांगितले आहे, की सामायिक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी उघडू नये. तालमुदमधल्या चर्चेत नजरेने होणारी हानी हीसुद्धा हानीच आहे का, आणि म्हणून शेजाऱ्याला मध्ये भिंत घालायला लावता येईल का, यावर पंडितांनी नेटाने खल केला आहे. काही मोडत नाही, काही उचलून नेले जात नाही, तरी पाहण्याने नुकसान होते, असे तिथे धरले गेले. या विचाराला पाठीशी घेतले की 'तिला कुठे कळणार आहे मी पाहिले ते' हा दिलासाही टिकत नाही. तिला कळणार नाही, हे खरे. म्हणूनच समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल, दुकानदार असो, सहकलाकार असो की सभागृहातला प्रेक्षक, याने पाहिले असेल का, हा प्रश्न तिच्या मनात उरतो. आपले अज्ञात राहणे पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटते. तिच्यावरचे ओझे त्या अज्ञातपणाचेच बनलेले असते.

दुसरा आक्षेप लोकांच्या तोंडी सहज येतो: ही माणसे प्रसिद्धीवर जगतात, पडद्यावर उघडी होतात, मग खासगीपणाची तक्रार कशाला? सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला, तेव्हा झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि गावगप्पा छापणारी वर्तमानपत्रे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. वाद तेव्हापासूनचा आहे, आणि त्याचे उत्तर मला जैन विचारातल्या चोरीच्या व्याख्येत सापडते. चोरी म्हणजे न दिलेले घेणे. वस्तूची किंमत, मालकाची श्रीमंती, त्याने आधी किती वाटले, यांतले काहीही त्या व्याख्येत येत नाही. भूमिकेसाठी अंग दाखवणारी नटी ते दृश्य देते, त्याच्या अटी ठरवते, त्याचा मोबदला घेते. तिने पूर्वी पुष्कळ दिले, म्हणून न दिलेलेही आपले होते, हा हिशेब दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात आपण ऐकून घेणार नाही. भारतीय कायद्यानेही हे ओळखले आहे. दंडविधानात २०१३ साली आलेल्या कलम ३५४-क च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की फोटो काढायला स्त्रीची संमती असली पण तो तिऱ्हाइताकडे जाण्याला नसली, तर तो पसरवणे गुन्हा आहे. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. एकाला दिलेली संमती सगळ्यांना मिळत नाही. लॉरेन्सने 'व्हॅनिटी फेअर'ला दिलेल्या मुलाखतीत सांगितले, की चार वर्षे ती एका माणसाच्या प्रेमात होती आणि तो दूर राहत होता. ज्याने ज्याने ते फोटो पाहिले तो लैंगिक गुन्हा पुढे चालवतो आहे, असेही तिने तिथे बजावले. कश्यपाने जे सभासदांबद्दल सांगितले तेच ती आपल्या शब्दांत सांगत होती.

मग फोटो काढलेच कशाला? २०१४ च्या सप्टेंबरात गुंटर ओएटिंगर युरोपीय आयोगाच्या डिजिटल खात्यासाठी संसदेच्या समितीपुढे उभे होते. नग्न फोटो काढून ते नेटवर टाकण्याइतका मूर्खपणा करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आमच्याकडून संरक्षणाची अपेक्षा करू नये, असा त्यांचा सूर होता. त्या स्त्रियांनी काहीही नेटवर टाकलेले नव्हते; ते त्यांच्या खात्यांमधून काढले गेले होते. ज्याला या विषयाचा कारभार सोपवायचा होता, त्याला एवढी साधी गोष्ट दिसू नये, हे मला अस्वस्थ करते. सावधगिरीचा सल्ला वेगळा आणि दोषारोप वेगळा. घर फोडले गेल्यावर कुलूप कच्चे होते असे म्हणता येते, पण त्याने चोराचा दोष रतिभरही कमी होत नाही.

धर्माच्या बाजूने बोलणाऱ्याला आणखी एका आक्षेपाला सामोरे जावे लागते, आणि तो मी हलका मानत नाही. नजरेविषयीची धर्माची शिकवण शेवटी बाईच्याच अंगावर येऊन पडत आली आहे. कुराणाच्या चोविसाव्या सुरेत नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात वासनेने पाहणाऱ्याच्या मनालाच दोषी धरले. तरी व्यवहारात बंधने बहुतेक वेळा पाहिल्या जाणाऱ्या देहावर आली. फुटलेल्या फोटोंचा प्रश्न शालीनतेच्या भाषेत मांडला, तर बदनामी पुन्हा त्या स्त्रीचीच होते. म्हणून नग्नता आणि लज्जा यांची गाठ मी सोडवू इच्छितो. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, ज्याच्या पायाशी मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक कोरलेला आहे, हजार वर्षांहून अधिक काळ उघड्या आकाशाखाली निर्वस्त्र उभा आहे आणि लोक त्याच्यासमोर हात जोडतात. अक्कमहादेवीने बाराव्या शतकात स्वतःच्या निर्णयाने वस्त्रे टाकल्याचे सांगतात. देह उघडा असण्यात पाप असते, तर या दोघांना वंदन झाले नसते. आणि द्रौपदीने सभेत काय विचारले ते आठवावे. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? तिचा प्रश्न अधिकाराचा होता. भीष्म धर्म सूक्ष्म आहे असे सांगून त्याच प्रश्नावर अडखळले.

लोकहिताचा मुद्दा राहतो. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य केटी हिल यांचे खासगी फोटो २०१९ मध्ये छापले गेले आणि त्यांनी पद सोडले. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने २०२१ मध्ये, हे लोकांच्या चिंतेचे प्रकरण आहे असे मानून, वर्तमानपत्राविरुद्धचा त्यांचा दावा फेटाळला. लोकप्रतिनिधीने आपल्या हाताखालच्या व्यक्तीशी संबंध ठेवले का, हे मतदाराला कळायला हवे, हे मी मान्य करतो. पण ते एका वाक्यात सांगता येते. फोटोने त्यात माहितीची भर पडत नाही, फक्त पाहणाऱ्यांची पडते.

आणि ज्याने पाहिले आहे, त्याचे काय? २०१४ च्या त्या दिवसांत रेडिटवरच्या काही पाहणाऱ्यांनी प्रोस्टेट कर्करोगावर काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानला देणग्या पाठवल्या. एकूण रक्कम हजारो डॉलरांत गेली. हे दान कशातून आले ते कळताच प्रतिष्ठानने सारे पैसे परत केले. देणाऱ्यांपैकी काहींना आपण काहीतरी देणे लागतो असे मनापासून वाटले असेल, आणि मी ती भावना खोटी म्हणणार नाही. पण ते देणे कर्करोगाच्या रुग्णांचे नव्हते, आणि दान पाठवून झाल्यावरही फोटो पाहणे चालूच होते. आपल्या धर्मशास्त्रांनीही पश्चात्तापाशिवाय आणि ते कृत्य थांबवल्याशिवाय प्रायश्चित्त पुरे मानलेले नाही. कश्यपाच्या उत्तराला एक दुसरा भागही आहे, जो सहसा सांगितला जात नाही. जिथे निंद्य माणसाची निंदा होते, तिथे श्रेष्ठ निष्पाप होतो, सभासद सुटतात, आणि सगळे पाप करणाऱ्याकडे परत जाते. लोकांच्या दृष्टिकोनाला एवढे मोल त्या कथेने दिले आहे. मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा फोटो येऊन पडतो, तेव्हा 'बघ तिने काय केलं' असे म्हणणारा दोष तिच्याकडे सरकवतो. तिथेच, सगळ्यांसमोर, 'हा चोरीचा फोटो आहे, काढून टाक' असे म्हणणारा तो दोष ज्याचा आहे त्याच्याकडे परत पाठवतो, आणि त्यासाठी त्याला फोटो उघडून पाहण्याची गरज पडत नाही.