खड्डा कोणी खणला?

गेल्या वर्षी जुलैतल्या एका शनिवारी एका शाळेनं मला वृक्षारोपणाला बोलावलं होतं, प्रमुख पाहुणा म्हणून. मैदानाच्या कडेला चाळीस खड्डे तयार होते आणि प्रत्येकाशेजारी काळ्या पिशवीतलं रोप. मी वाकलो, रोप ठेवलं, मूठभर माती लोटली. फोटो निघेपर्यंत रोपाला हात लावून राहा, अशी सूचना झाली, तीही पाळली. उठलो तर तांब्या, साबण आणि कोरा नॅपकीन घेऊन एक शिक्षक उभे. हाताला माती अशी लागलीच नव्हती. तरी धुतले.

कुंपणाच्या सावलीत दोन मजूर पहारी बाजूला ठेवून बसले होते. खड्डे त्यांनी खणले होते. भाषणांत सगळ्यांचे आभार मानले गेले, मंडपवाल्याचेसुद्धा. या दोघांचं नाव कोणी घेतलं नाही. मीही विचारलं नाही, आणि हे मला आजही बोचतं.

वृक्षारोपण जुलैत होतं ही आपली समजूत. कामाची सुरुवात मे महिन्यातली. दीड-दोन फूट खोल खड्डा खणायचा आणि त्याला ऊन खाऊ द्यायचं, म्हणजे मातीतली कीड मरते. तळाशी पालापाचोळा, शेणखत. पाऊस मुरल्यावर पिशवी ब्लेडनं उभी चिरून, मुळांभोवतीची मातीची हुंडी न फोडता रोप बसवायचं. भोवती काट्यांचं कुंपण, कारण शेळीला पर्यावरण दिन कळत नाही. दिवाळीनंतर आळं करून पाणी, आणि असे दोन-तीन उन्हाळे. या एवढ्या कामात रोप खड्ड्यात ठेवणं मिनिटभराचं. आपण नेमकं तेवढंच उचललं आणि त्याचा सोहळा केला. सरकारचंही निराळं नाही. १ जुलै २०१६ ला राज्यात दोन कोटी रोपं लावायचा संकल्प होता, २०१९ मध्ये तो ३३ कोटींवर गेला. लावलेल्या रोपांसाठी मांडव पडतो; जगलेल्या झाडांसाठी पडलेला मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या एका शाळेचा दिवस मात्र मनापासून आवडला होता. पावसाळा सरल्यावर ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती-वाळू, सुतळीनं शिवलेली तोंडं. मुलं, शिक्षक, काही पालक, शाळेतले शिपाईमामा असे सगळे एका रांगेत. गोणी हातोहात पुढं जायची. रचताना विटांसारखे सांधे चुकवायचे, नाहीतर पाणी वाट काढतं, हे मामांनी दाखवलं आणि त्या दिवशी गुरुजी तेच होते. एका मुलीच्या हाताला फोड आले म्हणून तिच्या आईनं नंतर तक्रार केली म्हणे. मला विचाराल तर कार्यानुभवाच्या वहीत आयुष्यभर टिकणारी नोंद तेवढीच.

पण त्या गोण्या प्लास्टिकच्या. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला लोंढा येतो, गोण्या फाटतात आणि त्यांच्या चिंध्या खालच्या गावाच्या काठावर करवंदीला लटकतात. म्हणजे आपला श्रमदानाचा दिवस दुसऱ्याच्या दारातला कचरा होतो. उन्हाळ्यात ओढा आटल्यावर जाऊन गोण्या सोडवून आणायला हव्यात. त्या दिवसाला पाहुणा नसतो, बातमी नसते, नाश्त्याची पाकिटंही नसतात. मी त्या शाळेला हे सुचवलं तेव्हा उत्तर आलं, ‘तेव्हा परीक्षा असतात हो.’ खोटं नव्हतं ते. चांगल्या कामाच्या शेवटच्या टप्प्यावर प्रत्येकाचीच काही ना काही परीक्षा असते.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. आपण हा क्रम उलटा केला. आधी मान्यवरांचं मनोगत, मग दहा मिनिटं झाडू, तोही नवा, रबरबँड न काढलेला. बाबांचं कीर्तन लोक ऐकून घेत, कारण ज्या रस्त्यावर ते बसलेले असत तो त्याच माणसानं झाडलेला असे. मुलांना हे बरोबर कळतं. आपण पुस्तकातला पर्यावरणाचा धडा शिकवतो, ती मात्र खड्डा कोण खणतं आणि फोटो कोणाचा निघतो ते शिकतात.

यंदा फेब्रुवारीत त्या पहिल्या शाळेकडून जात होतो, म्हणून आत डोकावलो. चाळीसांपैकी अकरा रोपं उभी होती. माझ्या हातचं त्यांत नव्हतं. खड्ड्याशी अजून काळी पिशवी पडलेली होती, ती उचलून खिशात घातली.

शाळांना एवढीच विनंती. यंदा बोलावणार असाल तर जुलैत नको, मे महिन्यात बोलवा. सकाळी ऊन चढायच्या आत येईन. पहार माझी मी आणतो.