बंधाऱ्याची दारं कोणी लावायची?

सरकारने काय करावं आणि माणसाने स्वतः काय करावं, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा दोन टोकांवरून घातला जातो. गावात बसलेला म्हणतो, सरकार काहीच करत नाही. शहरात बसलेला म्हणतो, लोकांना फुकटाची सवय लागली आहे. मराठवाड्यात लघु पाटबंधाऱ्यांच्या कामावर शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, त्या काळात ही दोन्ही वाक्यं मी कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकली आहेत. दोन्हींत तथ्य आहे, पण त्याने प्रश्न जागचा हलत नाही. सरकारचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, ही रेघ प्रत्येक कामात वेगळ्या जागी पडते आणि ती त्या कामाजवळ जाऊनच पाहावी लागते. मी ती कोल्हापुरी बंधाऱ्यावर पाहिली.

ज्यांनी हा बंधारा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ओढ्याच्या किंवा नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर खांब उभे केलेले असतात. खांबांना खाचा असतात आणि त्या खाचांत लोखंडी दारं एकावर एक बसवायची असतात. पावसाळ्यात दारं काढून ठेवायची, म्हणजे पूर आणि पुराबरोबरचा गाळ मोकळेपणी निघून जातो. पाऊस सरत आला की ऑक्टोबरमध्ये दारं लावायची, म्हणजे वाहतं पाणी अडतं. हरभऱ्याला, गव्हाला आणि काठच्या विहिरींना ते मिळतं. पक्क्या भिंतीच्या बंधाऱ्यासारखा हा बंधारा गाळाने भरून जात नाही. रचना मोठी नामी आहे. मात्र तिला दर वर्षी दोनदा माणसाचा हात लागावा लागतो, आणि तोही वेळेवर. घाईने दारं लावली आणि परतीच्या पावसाचा लोंढा आला, तर पाणी काठ फोडून शेजारच्या रानात घुसतं. दोन-तीन आठवडे उशीर झाला, तर ओढ्याची धार बारीक झालेली असते आणि बंधारा निम्माही भरत नाही. लाखो रुपये खर्चून उभ्या केलेल्या कामाचं सार्थक या थोड्याशा दिवसांत ठरतं.

एका गावातला असाच ऑक्टोबर मला लख्ख आठवतो. दारं ग्रामपंचायतीच्या खोलीमागे गवतात रचलेली होती. मोजली तर कमी भरली. उरलेली भंगारात गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी नेली ते कोणीच सांगत नव्हतं. दोन दारांमधली फट बंद करणारी रबरी पट्टी उन्हाने तडकली होती, नुसत्या बोटांनी तिचे तुकडे पडत होते. दारं बसवायच्या कामाचं टेंडर वरच्या कचेरीत अडकलेलं. सरपंच म्हणत होते, ‘बंधारा खात्याचा, मग दारं खात्यानंच लावावीत.’ वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना दारं उद्याच्या उद्या हवी होती. आणि बंधाऱ्याला लागून ज्यांचं रान होतं ते तात्या खांबाजवळ उभे राहून दाराला हात लावू देत नव्हते. ‘सायेब, मागल्या साली ह्याच दारापायी माझा काठ फुटला. सोयाबीनसकट रान खरडून गेलं. तवा गाव आलं नाही आन् सरकारबी आलं नाही. पाणी समद्यांचं, आन् माती माझ्या एकट्याची जायची व्हय?’

त्या वर्षी दारं लागलीच नाहीत. फेब्रुवारीत त्याच गावाचा टँकरचा प्रस्ताव तहसीलला आला आणि तो मंजूरही झाला. व्हायलाच हवा होता. घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ऑक्टोबरात कोण चुकलं हे विचारत बसता येत नाही.

या सगळ्यावर ‘लोकच बेजबाबदार’ असा शेरा मारणं सोपं आहे. मी तो मारणार नाही. तात्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर त्या दिवशी तिथे हजर असलेल्या कोणाकडेही नव्हतं. बंधारा कुठे बांधायचा हे ठरवताना गावाला कोणी विचारलं नव्हतं. अडलेल्या पाण्यात कोणाचा किती हिस्सा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्याने दोन दिवस कंबरभर पाण्यात उभं राहून दारं लावायची त्यालाही तेवढंच पाणी, जो घरी झोपणार त्यालाही तेवढंच. आणि सगळ्यांसाठी एकाचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची काही सोय नव्हती. अशा व्यवस्थेत जबाबदारीने वागा म्हणणं म्हणजे गावातल्या चांगल्या माणसालाच दर वेळी भुर्दंड भरायला सांगणं. एखादा एक वर्ष भरेल. दर वर्षी कोण भरणार?

याच राज्यात, अशाच माणसांनी, वेगळी व्यवस्था मिळाल्यावर वेगळं वागून दाखवलं आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी पोचतच नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, 1990 नंतर तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाच्या पाण्याचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आलं. पाणी संस्थेला मोजून मिळतं, पाणीपट्टीही मोजलेल्या पाण्यावर भरावी लागते आणि हंगामाच्या आधी आपला हिस्सा किती हे कळतं. तिथे चारी साफ करायला माणसं निघतात, कारण चारीतल्या गवताने अडलेलं पाणी आपल्या हिशेबातलं असतं. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा राज्याने 2005 मध्ये केला, तो अशा कामांच्या अनुभवावरच. त्याहून कितीतरी जुनी धुळे-नाशिककडची फड पद्धत आहे. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांचं पाणी शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी वाटायचा आणि हंगामाआधी पाट साफ करणं हे सगळ्यांचं काम असायचं. सांगायचं एवढंच की सामूहिक शिस्त ही आपल्याकडे बाहेरून आणायची वस्तू नव्हे.

आता उलटी बाजू. काही कामं अशी असतात की तिथे माणूस कितीही जबाबदार असला तरी एकटा काही करू शकत नाही. जमिनीखालचं पाणी हे त्यातलं सर्वांत मोठं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमाड, फुटलेल्या थरांत. जसजसं खोल जावं तसतशी पाण्याची आशा कमी होत जाते. म्हणून तर 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठीच्या 60 मीटरहून खोल विहिरींवर आणि बोअरवर निर्बंध घातले. तो कायदा लागू व्हायला 2014 उजाडलं. आज मराठवाड्यात कुठल्याही गावात विचारा, पाचशे-सातशे फुटांच्या बोअरच्या गोष्टी ऐकायला मिळतील. तमिळनाडूतून आलेल्या बोअरच्या गाड्या रात्रभर घरघरत असतात आणि त्यांचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जातो. ज्यांना कारवाई करायची असते फक्त त्यांनाच तो ऐकू येत नाही.

यात मरतो तो कायदा पाळणारा. त्याची कमी खोलीची विहीर शेजाऱ्याच्या बोअरने आटते. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. त्यानेही बोअर घ्यावा, नाहीतर रान पडीक ठेवावं. त्याने कर्ज काढून बोअर घेतला तर मी त्याला दोष देऊ शकत नाही. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. अडचणीतल्या शेतकऱ्याला तेवढा दिलासा मिळाला हे खरं; पण पंप किती तास चालला याचा हिशेब ठेवायचं उरलंसुरलं कारणही त्याबरोबर गेलं. सरकारकडून माझी पहिली अपेक्षा इथे आहे आणि ती बंधाऱ्यांपेक्षा, योजनांपेक्षा मोठी आहे. नीट वागणाऱ्या माणसाचं त्याच्या नीट वागण्यामुळे नुकसान होऊ नये. हे काम गाव करू शकेल, पण कायद्याचं बळ पाठीशी असल्याशिवाय सहसा करू शकणार नाही.

इथे कोणीतरी हिवरे बाजारचं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावाने सिंचनासाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली आणि दर वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेने हे घडवलं. पण हे नाव बाकीच्या गावांना टोमणा म्हणून वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. कारण अर्धी गोष्ट सांगितली जात नाही. तिथल्या डोंगरावरचे चर, बंधारे, पाझर तलाव यांत रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचा, म्हणजे सरकारचाच पैसा होता. गावाने श्रम आणि संयम दिला, सरकारने पैसा आणि तांत्रिक मदत दिली. एक बाजू काढून घेतली असती तर दुसरी पांगळी झाली असती. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. तेवढे पोपटराव कुठून आणायचे? असामान्य माणूस नसलेल्या गावालाही चालवता येईल अशी व्यवस्था करणं हे शासनाचं काम आहे.

रोजगार हमीचं नाव आलंच आहे, तर शहरातल्या वाचकाशी एक बोलायचं आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन माणसं जगली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून वि. स. पागे यांच्या विचाराने रोजगार हमी योजना पुढे आली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. या योजनेला पैसा मिळावा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात महिन्याला 200 रुपयांची कपात दिसते, ती याच कराची आहे. मला हा व्यवहार फार थोर वाटतो. सरकारने काम देण्याची हमी घेतली, गावच्या माणसाने उन्हात घाम गाळला, शहरच्या माणसाने पगारातून वाटा दिला. कोणीही कोणावर उपकार केले नाहीत. ‘आमच्या करावर लोक पोसले जातात’ असं म्हणणाऱ्याने त्या हातांनी बांधलेले पाझर तलाव एकदा पाहावेत. त्यांतले कित्येक आजही पाणी धरतात.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्या गाडीमागे ज्यांनी रात्रंदिवस काम केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात घर करून आहे. पाण्याची गाडी येते तेव्हा स्वागताला गर्दी होते, फोटो निघतात, श्रेयावरून भांडणं होतात. ऑक्टोबरात रबरी पट्टी बदलली म्हणून कोणाचा सत्कार झालेला मी पाहिला नाही, आणि ती बदलली नाही म्हणून कोणी निवडणूक हरलेलाही पाहिला नाही. आपण जे मागतो तेच सरकार देतं. आपण नवा बंधारा मागतो, टँकर मागतो, अनुदान मागतो. जुन्या बंधाऱ्याची देखभाल मागत नाही, भूजल कायद्याची अंमलबजावणी तर मुळीच मागत नाही, कारण ती मागितली तर आपल्याही बोअरवर येते. योग्य गोष्ट मागणं ही नागरिकाची जबाबदारी आहे, आणि माझ्या मते श्रमदानापेक्षा ती अवघड आहे.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा बंधाऱ्याच्या दारांसाठी अगदी वेळेवर येते. यंदा त्या सभेला जा. हार-तुरे, ठरावांचं वाचन हे सगळं होऊ द्या, आणि मग उभं राहून विचारा: आपल्या बंधाऱ्याची दारं किती, आहेत किती, लावायची कधी, कोणी, आणि कोणाचा काठ फुटला तर त्याला भरपाई कोण देणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, खाली सही करा आणि त्याची एक प्रत पंचायत समितीत आवक क्रमांक घेऊन द्या.