नाव कुणी ठेवायचं?

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून घाट चढला की आणे लागतं. पठार तसं कोरडवाहू, पाण्याची ओढ असलेलं. पण रंगदासस्वामींच्या यात्रेत इथे मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते आणि भाकऱ्यांचे ढीग लागतात. रंगदास या नावातून स्वामींची जात, वडील, गाव यांतलं काहीच कळत नाही. कळतो तो फक्त धनी. माणसाला एवढी ओळख पुरे, असं मानणारा तो काळ होता. आणे ज्यात येतं त्या जुन्नर तालुक्यात त्याच्या आधीचे आणि नंतरचे काळही नावांतून वाचता येतात. नाव ठेवण्याचा हक्क कोणत्या काळी कुणाकडे होता, तेही त्यांतून उमगतं.

तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटाची गुहा आहे. तिच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती गेल्या, वरची नावं उरली: सिमुक, सातकर्णी आणि नागनिका, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी. शेजारच्या भिंतीवरचा लेख इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर यांना वंदन करून सुरू होतो. गंमत अशी, की देवांची एवढी मोठी यादी हाताशी असूनही, वाचता येणाऱ्या राजपुत्रांच्या नावांत त्यांतला एकही देव नाही. देवाला हात जोडायचे, पण मुलाला त्याचं नाव द्यायचं नाही, अशी निदान तेव्हा या घराण्याची रीत असावी.

पुढच्या सातवाहनांनी आईकडची ओळख नावाआधी लावली: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. या गोष्टीचं हल्ली फार कौतुक होतं. थोडं जपून करावं. गौतमी हे त्या बाईचं स्वतःचं नाव नव्हे, तिचं गोत्र. तिचं नाव बलश्री. ते कळतं नाशिकच्या लेण्यात तिनेच कोरवून घेतलेल्या लेखामुळे. मुलाच्या नावात मिरवलं ते तिचं कूळ.

जुन्नरच्या लेण्यांत दान देणारे तीन यवनही आहेत. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिटाने भोजनमंडप, चंदाने गर्भद्वार. पहिली दोन नावं कानाला परकी वाटतात, तिसरं मात्र थेट इथलं. परदेशी माणूस रुळला की आधी त्याचं नाव रुळतं. हा प्रवास उलटाही झाला. ग्रीक राजा मिनँडर बौद्ध ग्रंथात मिलिंद झाला. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या महाविद्यालयाला बाबासाहेब आंबेडकरांनी तेच नाव दिलं आणि आज ते महाराष्ट्रात घराघरांत आहे. मिलिंदांना आपण एका ग्रीकाचं नाव लावतो, हे सहसा आठवतही नाही.

नावांचे नियम करायला शास्त्रकार बसले, तेव्हा मनुस्मृतीने वाटणी सांगितली. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. नक्षत्र, झाड, नदी, पक्षी, साप यांचं नाव असलेली मुलगी करू नये, असंही तीच सांगते. लोकांनी यातलं सोयीचं तेवढं घेतलं. रोहिणी, तुळसा, गोदावरी, मैना यांची लग्नं बिनबोभाट होत आली. तुकोबांच्या मुली काशी, भागीरथी आणि गंगा. मुलगे महादेव, विठोबा आणि नारायण. मुलग्यांना देव आणि मुलींना तीर्थं.

देवाचं नाव मुलाला देण्यामागे कीर्तनांतून घरोघर पोचलेली अजामिळाची कथा आहे. मरताना त्याने हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला, आणि तो तरून गेला. म्हणजे दिवसभर पोराला हाका मारत राहिलं तरी नामस्मरण घडतं. एवढा स्वस्त परमार्थ कुणाला नको असेल?

सत्ता बदलल्या तशी नावंही बदलली. अहमदनगरची निजामशाही उभी करण्याआधी मलिक अहमदचं ठाणं जुन्नरला होतं. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमप्पा, पाथरीच्या बहिरू कुलकर्ण्याचा मुलगा. त्या बहिरूवरूनच ‘बहरी’ हे उपनाव आलं. धर्म गेला, आजोबा उरले. पुढे त्याच दरबारातल्या मालोजी भोसल्यांनी नगरच्या पीर शाह शरीफ यांच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शहाजींचा मुलगा १६३० साली शिवनेरीवर जन्मला. त्याचं नाव गडावरच्या शिवाईवरून ठेवल्याचं सांगतात. तीन पिढ्यांच्या या घरात पीर आणि देवी दोघेही नांदले.

दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी यांची गोष्ट अवघड आहे. मुलं जगत नसली की पुढच्याला असं नाव ठेवत, म्हणजे काळाची नजर पडू नये. चीनच्या खेड्यांत मुलाला ‘कुत्र्याने टाकलेलं’ अशा अर्थाचं घरगुती नाव देत. योरुबा लोकांत कोसोको नाव ठेवतात; त्याचा अर्थ, खड्डा खणायला कुदळच नाही. ही नावं ठेवली ती मायेनेच. पण तेच दगडू नाव गावकुसाबाहेर गेलं की त्याला दुसराच वास यायचा, कारण तिथे चांगलं नाव ठेवणंच गावाला खुपायचं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार मूळचे दगडू मारुती पवार. १९७८च्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दगडू आपली कहाणी दयाला सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावं. पहिलं त्याला मिळालेलं, दुसरं त्याने घेतलेलं.

१४ ऑक्टोबर १९५६च्या बौद्ध धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावं वस्त्यावस्त्यांत घुमू लागली. आपल्या मुलांना काय म्हणायचं ते आपण ठरवणार, हे सांगायला बारशाइतका बिनखर्चाचा सत्याग्रह दुसरा नव्हता. आता ती नावं सगळ्याच जातींत ठेवली जातात. नावांच्या गेल्या दोन हजार वर्षांत एवढी मोठी घडामोड क्वचितच झाली असेल.

मुलींच्या वाट्याला मात्र नकोशी, नकुसा आलं. तिथे काळाला फसवण्याचा डाव नव्हता, ती उघड नाराजी होती. २०११मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली.

बारशाला आत्या कानात सांगते ते नावही बाईला कायमचं मिळतंच असं नाही. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं माहेरी राहतं. नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय घ्यायचंही नाही, पण कागदोपत्री आयुष्यभर लावायचं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत राज्य शासनाने स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सक्तीचा केला. निर्णय चांगलाच आहे. पण विवाहित स्त्रीची नोंद त्याच निर्णयात जुन्या पद्धतीनेच राहिली: तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव. मुलाच्या नावात आई आली, आईच्या नावात तिची आई आली नाही.

तेव्हा घरात आजी किंवा पणजी असेल तर तिला तिचं बारशाचं नाव विचारा, तिच्या आईचंही विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सातबाऱ्यावर किंवा रेशनकार्डावर ते बहुधा सापडणार नाही.