विसार आणि विवेक

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी ही म्हण रूढ केली त्यांना दुसऱ्याचे राहते घर विकत घेण्याचा प्रसंग फारसा येत नसावा. जो स्वतः बांधतो त्याला पाया कोठे कच्चा राहिला आणि भिंत कोठे घाईने उभी झाली, हे ठाऊक असते. विकत घेणाऱ्याच्या वाट्याला केवळ वरचा रंग आणि दुसऱ्याचा शब्द येतो. बडोद्यातील आमच्या पिढीच्या अनेक मराठी कुटुंबांनी रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा येथील वाड्यांतील बिऱ्हाडे मोडली आणि ती सोसायट्यांतून राहावयास गेली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकजण आयुष्यात एकदा तरी घर विकणारे आणि एकदा तरी घर घेणारे झाले आहेत. या दोन्ही भूमिकांत माणसाने कसे वागावे, हा प्रश्न वकिलाच्या कचेरीत सुटतो असे आम्हांस वाटत असे. गतवर्षीच्या एका प्रसंगाने तो समज दूर केला.

आमच्या चिरंजीवांनी विश्वामित्रीपासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीतील टेनामेंट पसंत केले. मालक वयाने आमच्याहून वडील, परिचयाचे आणि आपल्याच समाजातील. घर नुकतेच रंगवलेले, अंगणात प्राजक्त, किंमत आवाक्यातील. पहिल्याच भेटीत मालक म्हणाले, “मुंबईचं एक गिऱ्हाईक तयार आहे. रविवारपर्यंत विसार दिलात तर ठीक, नाहीतर आमचा नाइलाज आहे.” आम्ही इंजिनिअरकडून घर तपासून घेण्याचा आणि कागदपत्रांचा सर्च काढण्याचा विषय काढला, तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, आपण घरचीच माणसं. आपल्यात तपासण्या कसल्या?”

या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य आम्हांला अधिक जड गेले. पहिल्यात घर हातचे जाण्याची भीती होती. दुसऱ्यात आम्ही लहान मनाचे ठरण्याची. सरकारी नोकरीत असताना आम्ही अनेकांना कागद दाखवा म्हणून सांगितले, आणि ते सांगताना कधी संकोच वाटला नाही. येथे मात्र जीभ अडखळली. भीड ही भिकेची बहीण असे आजी म्हणत असे, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

घाई लावणारा विक्रेता नेहमी खोटे बोलतो असे नाही. तो फक्त तो अवकाश काढून घेतो, ज्यात खरे काय ते आपोआप वर आले असते. आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांना याची जाणीव होती. ‘क्रयविक्रयानुशय’, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, हे त्यांनी व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक स्वतंत्र पद मानले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात घेणाऱ्याला किंवा देणाऱ्याला पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत करण्याची वा घेण्याची मुभा दिली आहे. तपशिलाविषयी टीकाकारांत मतभेद असतील. पण सौदा करताना माणसाचे मन ठिकाणावर असतेच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट आम्ही कायद्याच्या पुस्तकात वर्षानुवर्षे वाचली होती, पण नीतीच्या दृष्टीने कधी वाचली नव्हती. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तिसऱ्या कलमात ‘नोटीस’ या शब्दाची व्याख्या आहे. एखादी गोष्ट माणसाला प्रत्यक्ष ठाऊक असेल तर त्याला तिची नोटीस आहेच. पण जी चौकशी करावयास हवी होती ती त्याने बुद्ध्या टाळली असेल, तरीही ती गोष्ट त्याला ठाऊक होती असे कायदा धरतो. म्हणजे डोळे मिटून घेणे ही माणसाची स्वतःची कृती आहे आणि तिचे उत्तरदायित्वही त्याचेच. पुढे घरात पाणी झिरपू लागले तर आपण विक्रेत्याला दोष देतो. परंतु त्याच्या घाईला शरण जाऊन न पाहण्याचा निर्णय आपणच घेतलेला असतो.

अखेर आम्ही मालकांना नम्रपणे सांगितले, “आपल्या शब्दावर आमचा विश्वास आहे. तरी मुलाची सगळी बचत यात जाते आहे, तेव्हा तपासणी होऊ द्या.” पंचवीस हजार रुपये विसार दिला आणि साध्या कागदावर अट लिहून घेतली: तीन आठवड्यांत तपासणी आणि सर्च पूर्ण करावा, गंभीर दोष निघाल्यास व्यवहार मोडता येईल आणि विसार पूर्ण परत मिळेल. रविवार गेला. मुंबईचे गिऱ्हाईक आले नाही.

तपासणीच्या दिवशी इंजिनिअरने भिंतींवर ठिकठिकाणी बोटांनी ठोकून पाहिले. खालच्या बाजूस गिलावा पोकळ वाजत होता. भिंतीशी जखडलेल्या एका जड कपाटामागे नवा रंग पोचला नव्हता. तेथे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर एक तपकिरी रेघ सरळ आडवी गेली होती. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीला आलेला पूर बडोदेकरांना सांगावयास नको. शिवाय मागची खोली महानगरपालिकेच्या रजाचिठ्ठीबरोबरच्या नकाशात नव्हती. दुरुस्तीचा अंदाज दोन लाख ऐंशी हजारांचा निघाला.

येथपर्यंत आम्ही स्वतःला सज्जन आणि समोरच्याला लबाड समजत होतो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि तिचे कारण ती रेघ नव्हती.

सिसेरोने इ. स. पूर्व ४४मध्ये ‘कर्तव्यांविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या एका गृहस्थाचे उदाहरण आहे. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड निकृष्ट आहे, आणि हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. त्याने न सांगता घर विकले तर तो अन्याय होतो काय? अँटिपॅटर म्हणतो, होतो. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्याहूनही हे वाईट, कारण येथे माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेस लावले जाते. डायोजिनीस म्हणतो, घेणाऱ्यावर कोणी बळजबरी केली नाही. त्याने स्वतः पारखून घ्यावे. आपल्याच घराचे दोष दवंडी पिटून कोण सांगतो? सिसेरोने आपले मत अँटिपॅटरच्या बाजूने दिले आहे. तरुणपणी हा वाद वाचला तेव्हा आम्हीही मनोमन अँटिपॅटरच्याच बाजूचे होतो.

आणि तरीही १९९६ साली आम्ही डायोजिनीस झालो होतो. वडिलांच्या पश्चात बाबाजीपुऱ्यातील वाड्यातला आमचा वरचा मजला आम्ही विकला. मधल्या खोलीच्या तुळईचे एक टोक वाळवीने पोखरलेले होते. वडिलांनी तिच्याखाली फळी ठोकून वरून तेलरंग दिला होता. घेणारे गृहस्थ शाळेत शिक्षक होते. त्यांनी निघताना विचारले, “आणखी काही सांगण्यासारखं आहे का?” आम्ही म्हणालो, “जुनं घर आहे, नीट पाहून घ्या.” वाक्य खोटे नव्हते. त्याच कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. महसूल खात्यात काम करणाऱ्या आम्हांला हे कलम तेव्हाही ठाऊक होते. नव्या घराचा हप्ता डोक्यावर होता, आणि ‘पाहून घ्या’ या दोन शब्दांआड आम्ही लपलो.

दुसऱ्या दिवशी दलालाने वेगळाच मोह पुढे केला. “काका, आता ते तुमच्या हातात आहेत. घरात आजारपण आहे, महिनाअखेर पैसे हवेत. अहवाल दाखवा आणि आठ लाख कमी करा. नाही म्हणणार नाहीत.” रविवारची घाई मालकांनी आम्हांला लावली होती, महिनाअखेरची घाई आता आम्ही त्यांना लावावयाची होती. हत्यार तेच, फक्त मूठ आमच्या हाती आली होती. दोष दुरुस्त करण्यास लागेल तेवढे कमी मागणे हा हिशेब झाला. समोरच्याच्या गरजेचे मोल लावणे ही दुसरीच गोष्ट. पंचावन्नावे कलम केवळ विक्रेत्याला बांधत नाही. विक्रेत्याच्या हक्काचे मूल्य बरेच वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल आणि विक्रेत्याला ती माहीत नसावी असे मानण्यास कारण असेल, तर ती सांगणे घेणाऱ्याचेही कर्तव्य ठरते. सिसेरोनेच स्कीव्होलाची हकीकत दिली आहे. जमीन घेताना त्याने एकदाच ठरवून किंमत सांगण्यास सांगितले आणि ती ऐकल्यावर, माझ्या मते ती अधिक मोलाची आहे, असे म्हणून एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. हे सज्जनपणाचे आहे हे लोक मान्य करतात. शहाणपणाचे आहे हे मात्र मान्य करीत नाहीत, असे सिसेरो पुढे लिहितो. आमच्यात स्कीव्होलाचे बळ नाही. परंतु दलालाचा सल्ला न घेण्याइतके बळ त्या रात्रीने दिले होते.

आम्ही मालकांच्या घरी गेलो, चहा झाल्यावर अहवाल त्यांच्या पुढे ठेवला आणि दुरुस्तीचा अंदाज सांगितला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाणी दोन दिवस घरात होतं. सांगितलं असतं तर कोणी आत पाऊल टाकलं नसतं.” मुंबईचे गिऱ्हाईक खरे होते की नव्हते, हे आम्ही विचारले नाही. मग आम्ही त्यांना तुळईची गोष्ट सांगितली. पत्नीलाही ती पूर्वी ठाऊक नव्हती.

व्यवहार झाला नाही. नातवंडे लहान, आणि पाणी पुन्हा येणार नाही अशी हमी कोण देणार, असा विचार करून चिरंजीवांनी माघार घेतली. मालकांनी विसार शेवटच्या रुपयापर्यंत परत केला. निरोप देताना म्हणाले, “तो अहवाल आमच्याकडेच राहू द्या. पुढच्याला दाखवू.” फी आम्ही भरली होती, तरी तो कागद देताना काही गमावल्यासारखे वाटले नाही.

खरे बोलण्याने सौदा जमतोच असे नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. त्याने एवढेच होते की ‘हो’ म्हणणाऱ्याला आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण कशाला तसे म्हणत आहोत हे कळते. तपासणी मागण्यात अविश्वास नाही. समोरच्याला खरे सांगण्याची ती एक संधी आहे. ज्या परिचयात असा प्रश्न विचारता येत नाही, त्या परिचयाला विश्वास म्हणू नये. ती नुसती भीड असते.

ते शिक्षक आता हयात नाहीत आणि तो वाडाही पाडला गेला. ती तुळई कोणाच्या अंगावर पडली नाही, एवढे आमचे नशीब. ज्यांना सांगावयाचे होते ते राहिले नाहीत, म्हणून येथे, आपल्याच माणसांत, सांगितले.