वस्ती कशी आहे? (ज्ञानेश्वरी, अध्याय ६)



आज सहाव्या अध्यायातला अकरावा श्लोक. ध्यानाला बसायचं तर जागा शुद्ध हवी, आसन स्थिर हवं, ते फार उंच नको आणि फार खालीही नको, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. श्लोक दोनच ओळींचा आहे. माऊली मात्र त्यातल्या 'शुद्ध जागा' एवढ्यावरच थांबतात आणि ओव्यांमागून ओव्या फक्त जागेचं वर्णन करतात.

हा भाग मी पूर्वी दोन-तीनदा वाचलाय, पण 'छान वर्णन आहे' म्हणून पुढे गेलो होतो. या वेळी अडकलो, कारण गेले दोन महिने मीही जागाच बघतोय.

बायकोची बदली राहुरीला झाली. माझं काम लॅपटॉपवर, महिन्यातून चार दिवस पुण्याच्या ऑफिसला तोंड दाखवलं की झालं. आई-बाबांनाही पुण्यातला तेरावा मजला नकोसा झालाय. म्हणून ठरवलं की राहुरीतच घर घ्यायचं. अडचण एकच. माझं गाव सोलापूरकडचं, तिचं माहेर नाशिककडचं. राहुरीत आमचं कोणीच नाही. नगर-मनमाड रस्त्यावरून शिर्डीला जाताना बसच्या खिडकीतून दिसलेलं गाव, एवढीच ओळख.

मग मी इंजिनिअर माणूस करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली.

आता माऊलींची यादी बघा. बसल्यावर उठावंसंच वाटू नये अशी जागा हवी. नुसतं बघूनच वैराग्य दुणावलं पाहिजे. संतांनी वसवलेली असावी. एखादा पाखंडी वाटेने चालला असेल तर त्यालाही इथे तप करावंसं वाटावं. झाडं बारमाही फळणारी. पावलोपावली पाणी, आणि तेही पावसाळ्यातसुद्धा स्वच्छ. ऊन सौम्य, वारा मंद, गोंगाट नाही. पुढे तर गंमतच आहे. पाण्याजवळ हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, कधीमधी कोकिळा आली तर येऊ दे, मोरही अधूनमधून आले-गेले तर आम्ही नाही म्हणणार नाही!

मी बसमध्ये एकटाच हसलो. आमच्या भाषेत हे 'असलं तर बरं' या रकान्यातलं. आणि लगेच पुढे माऊली 'आवश्यक' हा शब्द वापरतात. अशी जागा मिळवावीच, तिथे एखादा आडबाजूचा मठ किंवा शिवालय असावं, आणि दोन्हींपैकी आपल्या चित्ताला जे मानेल तिथे एकांतात बसावं.

मान्य, हे वर्णन ध्यानाला बसणाऱ्या योग्यासाठी आहे, होमलोन घेणाऱ्यासाठी नाही. पण आपल्यासारख्या संसारी माणसाचं नामस्मरण, पारायण, आई-वडिलांची सेवा हे सगळं घरातच होणार ना? मग ती जागा कशी बघायची, हे माऊलींकडून शिकायला काय हरकत आहे?

माझी यादी

आधी व्यवहाराचं सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण याच वयात, याच गडबडीत आहात.

पहिलं, कागद. सातबारा, फेरफार, एनएचा आदेश. 'दोन गुंठे स्वस्तात देतो' असं कोणी म्हटलं तर आधी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवा आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घ्या. प्रकल्प नवा असेल, तर त्याला रेराची नोंदणी लागते का तेही बघा. देवावर श्रद्धा आहे म्हणून कागद न बघणं हा आळस आहे. त्याला श्रद्धेचं नाव देऊ नये.

दुसरं, पाणी. राहुरीच्या वरच्या अंगाला मुळा धरण आहे, २६ टीएमसीचं. जलाशयाचं नावच ज्ञानेश्वर सागर! पण धरण भरलं की नदीपात्रात पाणी सोडतात, त्यामुळे नदीकाठच्या प्लॉटला पूररेषा बघावीच लागते. शिवाय नळाला पाणी किती दिवसांनी येतं, बोअरचं पाणी किती जड आहे, हे शेजारच्या घरातली बाई जितकं खरं सांगते तितकं जाहिरातीचा कागद सांगत नाही.

तिसरं, माती. हा काळ्या मातीचा भाग. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीला तडा ठरलेला.

चौथं, वेळ. जागा एकदा बघून चालत नाही. सकाळी बघा, रात्री दहाला बघा, पावसात बघा. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या कोणत्या रस्त्याने जातात ते विचारा.

या सगळ्याला मी गुण दिले. पहिला नंबर आला एका नव्या कॉलनीचा. रस्ते रुंद, प्लॉट चौकोनी, कागद स्वच्छ, नदी लांब.

बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण वस्ती कशी आहे?"

'आपली' म्हणजे कोण?

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी एजंटला विचारला. तो हसून म्हणाला, "सर, त्याचं टेन्शनच घेऊ नका. या कॉलनीत सगळी आपलीच लोकं आहेत. दुसरं कोणी घुसू देत नाहीत."

खरं सांगू? मला बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. त्याने माझं आडनाव ऐकलं होतं आणि त्यावरून 'आपली' ठरवली होती. तो काय म्हणतोय ते मला नीट कळलं होतं, आणि तरीही मी मान डोलावली.

गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं, "आपली म्हणजे कोण रे?"

मी म्हटलं, "अगं, म्हणजे चांगली, शिकलेली..."

"तो तसं म्हणाला नाही. आणि आपली माणसं म्हणशील तर तुला त्या रात्रीचं आठवतंय ना?"

मी गप्प झालो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ऑफिसला, बायको गावी. बाबा बाथरूममध्ये पाय घसरून पडले. आईला त्यांना उचलता येईना. तिने आमच्या मजल्यावरच्या तिन्ही दारांची बेल वाजवली. एकही दार उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता, असं ती अजून सांगते. शेवटी तिने खाली इंटरकॉम केला. रात्रपाळीचा वॉचमन धावत वर आला, त्याने बाबांना आधार देत खाली आणलं, रिक्षात बसवलं आणि मी पोहोचेपर्यंत दवाखान्यात बाकावर बसून राहिला. मी त्याचे आभार मानायला गेलो तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज तो मला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचा, आणि मी कानातले हेडफोनही काढत नसे.

गंमत म्हणजे तो फ्लॅट मी गुणांचा तक्ता करूनच घेतला होता. आणि त्या सोसायटीतही घर घेताना आम्हाला सांगितलं होतं, 'सगळी आपलीच लोकं आहेत.'

माऊलींचं घर

त्या रात्री पुन्हा सहावा अध्याय उघडला. आणि मनात आलं, जागेचं इतकं प्रेमाने वर्णन करणाऱ्याला स्वतःला कशी जागा मिळाली होती?

परंपरा सांगते ती कथा आपल्याला ठाऊकच आहे. वडील संन्यास घेऊन परत संसारात आले म्हणून घर वाळीत पडलं. आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार पोरकी पोरं. मुंज करायची तर शुद्धिपत्र आणा म्हणून पैठणला पाठवलं. म्हणजे 'ही आपली माणसं आहेत' असा दाखला आणा! तिथून परत निघाल्यावर ही भावंडं नेवाशाला आली.

नेवासं राहुरीच्या शेजारचाच तालुका. जी मुळा राहुरीजवळून वाहते, ती पुढे नेवाशाजवळ प्रवरेला मिळते. हे चौघं तिथे आले तेव्हा गाव त्यांना अनोळखी आणि ते गावाला. पण त्याच गावात त्यांना सच्चिदानंदबाबा भेटले. माऊली सांगत गेले आणि बाबा लिहीत गेले. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. माऊलींचं वय तेव्हा पंधराच्या आसपास. ज्या पोरांना स्वतःच्या गावात कोणी शेजारी मानलं नव्हतं, त्यांच्या शब्दांसाठी एका परक्या गावातला माणूस लेखणी घेऊन बसला.

आणि ग्रंथ पूर्ण झाल्यावर या मुलाने देवाकडे काय मागितलं? पसायदान आपण शाळेत रांगेत उभं राहून म्हटलंय, त्यामुळे अर्थाकडे लक्ष जात नाही. दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावो म्हणाले. सगळ्या जिवांची एकमेकांशी जिवाभावाची मैत्री जडो म्हणाले. 'आपल्या' जिवांची असं कुठेही म्हटलेलं नाही.

ज्याला वाळीत टाकलं त्याने हे मागितलं, आणि मी, ज्याला आजवर कोणीही आडनावावरून घर नाकारलेलं नाही, तो एजंटच्या वाक्यावर मान डोलावत होतो. मंडळी, लाज वाटली.

राहुरी तालुक्यातच ताहाराबाद आहे, संतचरित्रकार महिपतींचं गाव (१७१५ ते १७९०). घरात कुलकर्णीपण. सांगतात की पूजेत असताना कचेरीतून तातडीचं बोलावणं आलं, तेव्हा काम उरकून आल्यावर त्यांनी ठरवलं, यापुढे ही लेखणी फक्त संतांसाठी. १७६२ मध्ये त्यांचा 'भक्तविजय' पूर्ण झाला. त्या पोथीत कोण कोण राहतं बघा. चोखोबा आहेत, गोरोबाकाका आहेत, कबीर आहेत, सेना न्हावी आहेत, रोहिदास आहेत. एका पोथीत सगळे शेजारी-शेजारी, मध्ये कुंपण नाही. ज्या तालुक्यात मी 'वस्ती कशी आहे' विचारत फिरत होतो, त्याच तालुक्यातल्या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी ही वस्ती वसवून ठेवली होती.

'वसवलेली' जागा

आता माऊलींच्या यादीतला तो शब्द पुन्हा बघा. संतांनी *वसवलेली* जागा. आपल्याला वाटतं, जागा मुळातच पवित्र होती म्हणून संत तिथे गेले. पण शब्द सांगतो की वसवणारे संत आहेत. कोणीतरी आधी येऊन राहिलं, झाडं लावली, पाणी जपलं, आल्यागेल्याला बसायला सांगितलं, म्हणून ती जागा तशी झाली. चांगला शेजार तयार विकत मिळत नाही. तो मला आधी कुणालातरी द्यावा लागतो.

मागच्या रविवारी आम्ही दुसरं एक घर बघायला गेलो. माझ्या तक्त्यात ते चौथं होतं. जुन्या गल्लीतलं, वीस वर्षांचं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा गेलेला. गल्लीत एक निवृत्त कंडक्टर, एक शिक्षिका, सायकलचं पंक्चर काढणारे चाचा, इस्त्रीवाला. टोकाला महादेवाचं छोटं देऊळ. आम्ही घराबाहेर उभे होतो तर समोरच्या ओट्यावरून एक आजी म्हणाल्या, "कोणाकडं आलात, पाव्हणं?"

घर बघतोय म्हटल्यावर त्यांनी आमचं आडनाव विचारलं नाही. म्हणाल्या, "घरात म्हातारं माणूस हाय का? मग पायरीला कठडा करून घ्या. आन् कार्तिकात काकड्याला येताल का? माणसं कमी पडत्यात."

मी वस्ती तपासायला गेलो होतो आणि वस्तीने मला तपासलं. तिथे मला उत्तर देता आलं नाही. पहाटे पाचला मी शेवटचा कधी उठलो होतो?

बाबांना फोटो पाठवले. त्यांनी तड्याबद्दल विचारलं, कठड्याबद्दल विचारलं, आणि म्हणाले, "आजींना सांग, मी येईन काकड्याला."

ते घर घ्यायचं असं आमचं जवळजवळ ठरलंय. स्ट्रक्चरल इंजिनिअर तडा बघून जाईल आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट आला की टोकन देऊ. पाया कच्चा निघाला तर दुसरं बघू, पण याच गल्लीच्या आसपास. माऊलींनी यादी कितीही लांबवली तरी शेवटचा निकाल चित्ताला काय मानेल यावरच सोडलाय. आमच्या चित्ताला तो ओटा मानला.

आजचा संकल्प

घर बदलायला अजून तीन-चार महिने आहेत. तोपर्यंत मी पुण्याच्या याच तेराव्या मजल्यावर कोणाचा तरी शेजारी आहे. त्या रात्री तिन्ही दारं उघडली नाहीत, याचा राग मी तीन वर्षं सांभाळला. पण त्याआधीच्या दोन वर्षांत मीही त्यातल्या एकाही दाराची बेल वाजवली नव्हती. या शनिवारी वाजवणार आहे. सोबत आईने केलेले लाडू असतील. पहिला डबा मात्र खाली गेटवर जाईल.

तुम्हीही आज एवढंच करून बघा. आपल्या मजल्यावरच्या, गल्लीतल्या ज्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याला ते विचारा. आणि मग पसायदान म्हणा.

उद्या पुढचा श्लोक, मन एकाग्र करण्याबद्दलचा.

जय हरी माऊली!